खेळायला घेतील का मला?



गेल्या महिन्यात या सदरात अतिचंचल मुलांच्या अभ्यासाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरेच निरोप आले. त्यातला डिंडोलीच्या एका आईचा निरोप मी दोन-तीनदा वाचला. त्या लिहितात, "ताई, अभ्यासाचं आम्ही कसंही निभावून नेऊ. पण मुलगा नऊ वर्षांचा झाला, त्याला एक मित्र नाही. सोसायटीत त्याच्या वयाची दहा-बारा मुलं आहेत. खाली कुणाचा वाढदिवस असला की गाणी वर ऐकू येतात. हा गॅलरीत उभा राहतो आणि विचारतो, मला का नाही बोलावलं? काय सांगू त्याला?"

मार्कांच्या तक्रारीवर काहीतरी सुचवणं सोपं असतं. हा प्रश्न अवघड आहे, आणि मला विचाराल तर जास्त महत्त्वाचाही. म्हणून आजचं सदर फक्त त्यावर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं आणि मनात आलेली गोष्ट करण्याआधी क्षणभर थांबणं या गोष्टी मेंदूला जड जाणं. काही मुलांत तिन्ही दिसतात, काहींत फक्त पहिली. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ५ टक्के भरतं. कोइमतूरच्या प्राथमिक शाळांतली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ते ११ टक्क्यांच्या वर निघालं होतं. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन तरी धरूनच चाला. हे मोबाईलमुळे होत नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन १९०२ साली केलं, तेव्हा मोबाईल सोडाच, घरात रेडिओही नव्हता. गोड खाल्ल्यानंही होत नाही. तसे प्रयोग झालेले आहेत. त्यामुळे चांदनी पडव्याला नातवाला घारी जास्त दिली म्हणून आजीला बोल लावू नका. आणि आईच्या लाडामुळे तर नाहीच नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाची तपासणी चालू असताना वडील हळूच म्हणतात, "मीपण असाच होतो हो," हे मी अनेकदा ऐकलंय.

आता मित्रांकडे येऊ.

या मुलांबद्दल घरी आणि शाळेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्याला कळतं सगळं, मुद्दाम करतो." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. मुलाला सोफ्यावर शांत बसवून विचारा, मित्राने बॅट मागितली तर काय करायचं? तो म्हणेल, द्यायची. आपली बारी नसेल तर? थांबायचं. आउट झालो तर? भांडायचं नाही. पैकीच्या पैकी मार्क. पाच मिनिटांनी तोच मुलगा खाली जातो, पहिल्याच ओव्हरमध्ये आउट होतो आणि बॅट घेऊन घरी पळून येतो. मग आपल्याला वाटतं, इतकं कळतं आणि तरी असं वागतो म्हणजे मुद्दामच!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी या विकारावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही अडचण माहिती नसण्याची नाही, माहिती असलेलं ऐन वेळी वापरता न येण्याची आहे. नियम डोक्यात असतो, पण खेळाच्या भरात तो हाताशी येईपर्यंत हात चाललेला असतो. म्हणून "तुला कितीदा सांगितलं!" या वाक्याचा काही उपयोग होत नाही. हजारदा सांगितलं तरी ते सोफ्यावरच राहतं, खाली पार्किंगमध्ये उतरत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूच्या वाढीची मोजमापं प्रसिद्ध केली. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी वाढत वाढत एका टप्प्याला पोचते. इतर मुलांत तो टप्पा साधारण साडेसात वर्षांच्या सुमाराला आला, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या. मेंदू वाढत होता त्याच क्रमाने, पण तीन वर्षं उशिरा. स्वतःला आवरण्याचं काम ज्या पुढच्या भागाकडे असतं, तिथे हा उशीर जास्त होता.

आपल्या लहानपणीच्या खेळांत यावर एक सुंदर सोय होती. कच्चं लिंबू! कुणी लिंबू-टिंबू म्हणायचं. धाकटं भावंडं मागे लागलं की त्याला खेळात घ्यायचं, पण आउट धरायचं नाही, राज्य द्यायचं नाही. त्याला वाटायचं आपण खेळतोय, आणि दोन-तीन वर्षं असं खेळता खेळता ते आपोआप पक्कं लिंबू व्हायचं. नऊ वर्षांच्या अतिचंचल मुलाची पंचाईत अशी, की वागण्याच्या बाबतीत तो सहा-सात वर्षांचा आहे, पण उंचीने नऊचाच दिसतो. त्याला कच्चं लिंबू कोण धरणार? त्याला नऊच्या मापाने राज्य येतं, आणि ते देता आलं नाही की "चीटर, हे तर नेहमीचंच" म्हणून बाहेर काढतात.

आणि हे बाहेर काढणं फार लवकर होतं. १९९४ सालचा एक अभ्यास आहे, एर्हार्ट आणि हिनशॉ या संशोधकांचा. उन्हाळी शिबिरात एकमेकांना अजिबात न ओळखणारी मुलं आणली होती, काही एडीएचडी असलेली, काही नसलेली. कोण आवडतं, कोण नाही, याबद्दल मुलांची मतं पहिल्याच दिवशी तयार झाली होती. नंतर दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक वर्गाने नाकारलेली निघाली. एकदा नाव पडलं की मग मूल सुधारलं तरी इतरांना ते दिसत नाही. त्याने दहादा बॉल नीट परत दिला तरी कुणाच्या लक्षात राहत नाही, अकराव्यांदा फेकला ते राहतं. मोठ्यांचंही असंच असतं म्हणा.

मग उपाय काय? पालकांचा पहिला विचार असतो क्लास. आपल्या सुरतेत कशाचा क्लास नाही! सुट्टीत तर दहा दिवसांत व्यक्तिमत्त्व घडवून देणारी शिबिरं गल्लोगल्ली निघतात. मुलाला मजा येत असेल तर जरूर घाला, पण मित्र मिळतील म्हणून फी भरू नका. सामाजिक कौशल्यांच्या वर्गांचा या मुलांना कितपत फायदा होतो, यावर झालेले २५ प्रयोग डेन्मार्कच्या स्टोरेबो आणि इतर संशोधकांनी एकत्र करून तपासले. त्यांचा २०१९ सालचा निष्कर्ष असा, की ठोस फायदा दिसत नाही. कारण वर मी सांगितलं तेच. वर्गात बसून मूल जे शिकतं ते त्याला आधीच येत असतं. शिवाय वर्गातली मुलं वेगळी, पार्किंगमधली वेगळी. ज्या मुलांच्या मनात नाव पडलंय ती त्या वर्गात नसतातच.

ज्यातून थोडी आशा दिसते ते काम वेगळंच आहे. त्यात शिकवणी मुलाची नसते, आईवडिलांची असते. अमोरी मिकामी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली एडीएचडी असलेल्या ६२ मुलांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या काही पालकांना आठ बैठकांत मुलाच्या मैत्रीचे प्रशिक्षक व्हायला शिकवलं. आपल्या मुलासाठी मित्र कसा निवडायचा, त्याला घरी कसं बोलवायचं, खेळ चालू असताना कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, एवढंच. त्या मुलांच्या मैत्रीत घरीही फरक दिसला आणि शाळेतल्या शिक्षकांनाही जाणवला. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये फ्रेड फ्रँकेल यांनीही एकेका मित्राला घरी बोलावण्यावरच भर दिला होता.

सगळ्या सोसायटीला आपलं मूल आवडायला हवं, हा हट्ट सोडून द्या. एक मित्र पुरे. एक खरा मित्र असलेल्या मुलाला इतरांचा त्रास कमी बाधतो, हे बालमैत्रीचा अभ्यास करणारे बरीच वर्षं सांगत आहेत.

तो एक कसा शोधायचा? सोसायटीतला सगळ्यात हुशार, सगळ्यांचा कप्तान असलेला मुलगा नको. तो याला आज्ञा देईल आणि दोन दिवसांत कंटाळेल. सगळ्यात दंगेखोरही नको. या दोघांची गट्टी लगेच जमेल आणि तुमच्या घराचं मैदान होईल. जरा शांत, जरा बाजूला असलेला, एखाद्या गोष्टीचं याच्याइतकंच वेड असलेला मुलगा बघा. मासे, रेल्वे, क्रिकेटचे आकडे, चित्रं, काहीही. वयाने वर्ष-दोन वर्षं लहान असला तरी चालेल. "लहानांत काय खेळतोस" असं म्हणू नका, वर मेंदूच्या वयाचं सांगितलंच आहे.

मग त्याला घरी बोलवायचं, आणि हे बोलावणं जरा नीट आखायचं. एकालाच. तासभर, फार तर दीड तास. जेवणाच्या आधी, भुकेच्या वेळी नाही. जी खेळणी तुमच्या मुलाला कुणाला द्यायची नसतील ती त्यानेच आधी कपाटात ठेवून द्यावीत; बाहेर आहे ते दोघांचं, आत आहे ते त्याचं. हा छोटासा नियम निम्मी भांडणं वाचवतो. टीव्ही आणि मोबाईल बंद, कारण दोघं शेजारी बसून दोन स्क्रीन बघणार असतील तर बोलावलं कशाला? काय खेळायचं याचे दोन पर्याय आधी ठरवून ठेवा, त्यातला एक पाहुणा निवडेल. लोचो मागवा, पोहे करा, काय ते करा, पण खाणं मध्ये ठेवा. खेळ तापायला लागला की "चला, गरम गरम खाऊन घ्या" म्हणून तो मोडता येतो आणि कुणालाच वाटत नाही की आपल्याला रागावलं.

पाहुणा यायच्या आधी दोनच मिनिटं मुलाशी बोला आणि एकच गोष्ट सांगा. "शहाण्यासारखं वाग" ही सूचनाच नव्हे. शहाण्यासारखं म्हणजे नक्की काय करायचं ते त्याला कसं कळणार? "आज पहिला फासा पाहुण्याचा," ही सूचना आहे. "तो बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचं," हीपण आहे. एका भेटीला एक. पाच सांगितल्या तर एकही पाळली जाणार नाही.

खेळताना तुम्ही कुठे? स्वयंपाकघरात, ऐकू येईल इतक्या अंतरावर. मांडीवर येऊन बसू नका आणि शेजारीही जाऊ नका. आवाज चढू लागला की भांडण होण्याआधी आत डोकवा. आणि भेट रंगात असतानाच संपवा! आपल्याला वाटतं, छान चाललंय, खेळू देत अजून अर्धा तास. तोच अर्धा तास घात करतो. पाहुणा घरी जाताना हसत गेला पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःहून येतो. तो गेल्यावर मुलाला एक-दोन गोष्टी नेमक्या सांगा. "त्याची सोंगटी साप खाऊन खाली आली तेव्हा तू हसला नाहीस, मी बघितलं." चुका दुसऱ्या दिवशी. खरं तर नाही काढल्या तरी चालेल.

सापशिडीवरून आठवलं. हरायचा सराव घरी करायचा असेल तर सापशिडीसारखा खेळ नाही, कारण तिच्यात हुशारी चालत नाही, फासा पडेल तसं पडतं. आईबाबांनी खेळावं, हरावं आणि मोठ्याने हरावं. "अरे देवा, नव्याण्णववरून खाली! राग आलाय मला. थांब, पाणी पिऊन येते." मुलाला दिसलं पाहिजे की मोठ्यांनाही राग येतो आणि तो आला तरी पट उधळायचा नसतो. मुलाला मुद्दाम जिंकू देऊ नका. खाली कुणी त्याला जिंकू देणार नाही.

आता डिंडोलीच्या ताईंचा प्रश्न, "काय सांगू त्याला?" दोन उत्तरं टाळा. "ती मुलंच वाईट आहेत" हे एक, आणि "तू असा वागतोस म्हणून" हे दुसरं. पहिल्याने तो सगळ्यांवर रुसेल, दुसऱ्याने स्वतःवर. जवळ घेऊन म्हणा, "वाईट वाटलं ना? मलापण वाटलं." मग थोड्या वेळाने, "शनिवारी आपण कुणाला बोलवूया?" त्याच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, मला माहीत आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला कारणापेक्षा शनिवार जास्त उपयोगी पडतो.

एक मित्र जमला, चार-सहा भेटी नीट झाल्या, की मग पार्किंगमधल्या घोळक्याकडे वळता येतं. तिथली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चालू खेळात शिरणं. अतिचंचल मूल धावत जातं, बॉल उचलतं आणि "मी बॅटिंग!" म्हणतं. शिरायची रीत घरी नाटक करून शिकवता येते. आधी कडेला उभं राहायचं आणि काय खेळ चाललाय ते बघायचं. कुणी छान मारलं तर "मस्त!" म्हणायचं. ओव्हर संपली किंवा कुणी पाणी प्यायला गेलं, की ज्या बाजूला एक भिडू कमी आहे किंवा जी बाजू हरतेय तिला विचारायचं. आणि नाही म्हणाले तर वाद न घालता परत यायचं, उद्या पुन्हा. आपल्या सुरतेतल्या मुलांना यात आणखी एक अडथळा असतो. घरी मराठी किंवा अहिराणी, शाळेत इंग्रजी किंवा गुजराती, आणि खाली सगळी खिचडी. ज्याचं लक्ष आधीच निसटतं, त्याच्या हातून भराभर बोललेली थट्टा तर निसटतेच. म्हणून "हूं पण रमूं?" हे वाक्य त्या भाषेतच, त्या सुरातच घरी दहादा म्हणून घ्या. ते तोंडात बसलेलं असलं तर ऐन वेळी शोधावं लागत नाही.

राग अनावर होण्याआधी बाहेर पडायलाही मुलांच्या खेळात एक शब्द तयार आहे, टाइमप्लीज. तो म्हटल्यावर कुणी पकडत नाही, कुणी हसत नाही. "डोकं गरम झालं की टाइमप्लीज म्हणायचं, नळावर जाऊन तोंड धुऊन यायचं," एवढं ठरवून द्या. समुपदेशकाने दिलेली कुठलीही युक्ती याच्याइतकी बेमालूम खपणार नाही.

सणांचं थोडं सांगते, कारण आपली मुलं एकमेकांत मिसळतात ती सणांतच. गणपतीचे दहा दिवस या मुलांसाठी मला फार चांगले वाटतात. रोज तीच वेळ, तीच माणसं, तीच आरती, मोठे आजूबाजूला. त्यात मुलाला ठरलेलं काम मिळालं तर सोन्याहून पिवळं. झांजा वाजवणं, प्रसादाचं ताट फिरवणं, आरतीची पुस्तकं वाटणं. काम असलं की चार माणसं त्याला नावाने हाक मारतात, आणि "तो त्रास देणारा" ऐवजी "तो प्रसादवाला" अशी ओळख तयार होते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, की अशा मुलाला कामं वाटताना वगळू नका, उलट पहिलं काम त्याला द्या.

उत्तरायणाची गच्ची मात्र जपून. तिथे याला फिरकी धरायला मुळीच देऊ नका. फिरकीवाल्याने नुसतं उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या पतंगाकडे टक लावून बघायचं असतं. तिसऱ्या मिनिटाला याची नजर शेजारच्या गच्चीवर जाते, मांजा गुंततो, पेच जातो आणि सगळी गच्ची त्याच्यावर ओरडते. त्याला आदल्या रात्री सगळ्या पतंगांना किन्ना बांधायला बसवा, १४ तारखेला फाटलेल्या पतंगांना गुंदरपट्टी लावायचं खातं द्या. हात चालते राहतात आणि मुलं स्वतःहून त्याच्याकडे येतात. कठड्यापाशी मात्र एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी हवं. विचार करण्याआधी पाय उचलणारं मूल आहे ते.

आणि मे महिन्यात ज्यांना शक्य आहे त्यांनी गावी जा. उधन्याहून गाडीत बसलं की नंदुरबार, अमळनेर, जळगाव, आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं त्याच वाटेवर आहेत. चुलत-मावस भावंडांत चार वर्षांपासून चौदापर्यंतची सगळी वयं एकत्र खेळतात. कच्चं लिंबू अजून शिल्लक असेल तर तिथेच.

शाळेबद्दल एकच सांगते. शिक्षक मुलाशी ज्या सुरात बोलतात, तोच सूर वर्ग उचलतो. वर्गासमोर रोज चारदा नाव घेऊन दटावलं तर मुलं समजतात, याला बोलायला परवानगी आहे. मिकामी बाईंनी शिक्षकांबरोबरही असं काम केलंय. त्यात वर्गासमोर मुलाचं जे खरोखर चांगलं आहे ते बोलायचं आणि चूक एकट्याला बाजूला घेऊन सांगायची. मुलाच्या शिक्षकांना भेटाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. "याला फळा पुसायचं, वह्या वाटायचं काम देता का?" एवढंच विचारा. बहुतेक शिक्षक आनंदाने देतात, त्यांनाही तो पाच मिनिटं जागेवर नसलेला हवाच असतो.

मुलींकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्यात धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असतं. ती कुणाला मारत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण मैत्रिणींच्या गप्पा कुठून कुठे गेल्या ते तिला कळत नाही, मध्येच भलतंच बोलते, मग त्या कुजबुजतात आणि ही हळूहळू एकटी पडते. "शांत स्वभावाची आहे" म्हणून आपण मोकळे होतो.

आता ज्यांच्या मुलांना हा त्रास नाही त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्या मुलाला कुणी ढकललं तर तुम्ही चिडणार, ते बरोबरच आहे. त्याच्या आईला जरूर सांगा. पण "त्याच्याशी खेळू नकोस" आणि "तो वेडा आहे" ही दोन वाक्यं घरात बोलू नका. तासाभरात ती सोसायटीभर होतात, आणि मग त्या आईने वर सांगितलेलं सगळं केलं तरी दार आतून बंदच राहतं. वाढदिवसाला बोलवायला भीती वाटत असेल तर त्याच्या आईला म्हणा, तुम्हीपण या, किंवा केक कापायच्या वेळी अर्धा तास पाठवा. अर्धा तास कुणीही सांभाळू शकतं. त्या मुलाला वर्षभर पुरतो.

औषधांबद्दल विचारणा होते म्हणून सांगते. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टरांनी मूल तपासून ठरवायचं, शेजाऱ्यांनी नाही आणि मीही नाही. योग्य मुलाला औषधाने थांबायला, ऐकायला मदत होते. पण अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की लक्षणं कमी झाली तरी वर्गातलं स्थान तेवढं सुधारलं नाही. तेव्हा औषध चालू असलं तरी शनिवारचं बोलावणं चालू ठेवा.

अजून तपासणीच झाली नसेल तर आधी ती करून घ्या. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ असं चालू असेल तर थांबू नका. मजुरागेटचं नवीन सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होणाऱ्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे, शाळेत तशी विचारणा करता येते. घरूनच आधी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत आणि गुजरातीतही. जाताना वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्या, मूल वर्गात कसं असतं ते. डॉक्टरांच्या खोलीत नव्या जागेच्या कुतूहलाने ही मुलं अर्धा तास अगदी शहाण्यासारखी बसतात, आणि मग आईच खोटी पडते.

पुढच्या महिन्यात दिवाळीच्या २१ दिवसांच्या सुट्टीत या मुलांचा दिवस कसा आखायचा ते लिहीन. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, ते नेहमीच्या पत्त्यावर कळवा. मुलांची नावं लिहू नका.